बेवारस बावीस मिनिटं

मला क्लबात सगळे आकडेबाई म्हणतात. तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारत नाही. काम साधं आहे: कोणते पाच खेळाडू एकत्र उतरवले तर आमची बास्केटबॉलची टीम जिंकते, हे व्हिडिओ बघून मिनिटामिनिटाने मोजायचं. लोकांना वाटतं, सगळ्यात भारी पाच घेतले की झालं. कसलं डोंबलाचं! पाचही जणांना स्वयंपाकच करायचा असेल तर भांडी कोण घासणार?

आमच्या टीममध्ये भांडी घासायचे माझे भाऊजी. ताईचा नवरा, वय पस्तीस. गुण कमीच करायचे, पण समोरच्याला अंगावर घ्यायचे, बॉल सुटला की जमिनीवर लोटांगण घालायचे आणि बचावात असे ओरडायचे की कान किटायचे. सीझन संपला तेव्हा पुढच्या वर्षासाठी चौघं पक्के होते. पाचवा कोण, भाऊजी की लंबू, एवढंच ठरायचं होतं. लंबू बावीस वर्षांचा, दारातून वाकून येणारा. "एकच सीझन अजून," भाऊजी ताईला म्हणाले होते, "मग तू म्हणशील तिथे गप बसतो." इथली जागा गेली असती तर या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार होतं?

मीटिंगमध्ये कोचने विचारलं, "तुझा तक्ता काय म्हणतो?"

"सगळा सीझन मिळून चौघांबरोबर लंबू असताना आपण सहा गुणांनी वर. सात नंबर असताना आठने खाली." सात नंबर म्हणजे भाऊजी. मीटिंगमध्ये मी त्यांना भाऊजी म्हणत नसे.

"नीट बघितलंस ना? मला तर तो मैदानात असला की बरं वाटतं."

"बरं वाटण्याचा रकाना नाही माझ्याकडे," मी म्हटलं. सगळे हसले. घरचा माणूस असूनही बाई बघा कशी सरळ, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि मी अशी फुगले होते की विचारू नका. भाऊजींना त्याच दिवशी सोडलं.

तीन दिवसांनी भाऊजी क्लबातल्या माझ्या खोलीत आले. रुसवा नाही, काही नाही. "तो नाक फुटलेला सामना काढून दे ग. दुसऱ्या एका क्लबने विचारलंय. त्यात मी बरा खेळलोय."

"माझ्यावर रागावलात?"

"तुझ्यावर कशाला? तक्ता म्हणाला ते तू सांगितलंस."

मी सामना लावला. कुणाचं तरी कोपर लागलं, नाकातून रक्त आलं, जर्सी लाल झाली. रक्ताचा डाग पडलेली जर्सी घालून खेळू देत नाहीत. भाऊजींनी बाकावरची जादा जर्सी चढवली, चाळीस नंबरची, आणि पुढे बावीस मिनिटं त्याच चौघांबरोबर खेळले. मी नंबर बघून मोजते. यादीत नसलेला नंबर आला की ती मिनिटं माझ्याकडे 'बेवारस' म्हणून बाजूला पडतात. त्या बावीस मिनिटांत आम्ही एकोणीसने वर होतो. वजा आठ आणि एकोणीस, म्हणजे अकरा. लंबू सहा.

चूक होते माणसाकडून, असं म्हणाल तुम्ही. नका म्हणू. सामन्याच्या नोंदवहीपेक्षा माझ्याकडे मिनिटं कमी भरतायत हे मला मीटिंगच्या आधीच दिसलं होतं. लंबूची दोन मिनिटं कमी भरली तेव्हा मी अख्खा सामना परत पाहिला. भाऊजींची बावीस कमी भरली आणि मी फाइल बंद केली. आकडा वाढला असता तर लोक म्हणाले असते, मेहुणीने वाढवला. तेवढं ऐकून घ्यायची माझी छाती नव्हती, म्हणून मी आपल्याच माणसाचा केसाने गळा कापला.

कोचकडे गेले. चूक सांगितली, दुसऱ्या क्लबचंही सांगितलं. "लंबूची सही काल झाली," तो म्हणाला. "आता त्या दुसऱ्या क्लबला तरी खरा आकडा कळव."

संध्याकाळी ताईच्या घरी जाऊन दोघांना सगळं सांगितलं. फाइल बंद केली तेही. ताईने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पुढ्यातली मेथी निवडत राहिली. भाऊजी मात्र खुर्चीतून अर्धे उठलेच. "अकरा? खरंच अकरा? अग मग बसलीस काय, लाव ना फोन!"

मी तिथूनच फोन लावला. पलीकडचा कोच अगदी सभ्य होता. "पण तुमच्या क्लबकडून तक्ता आमच्याकडे आधीच आलाय," तो म्हणाला. "त्यात वजा आठ आहे."

"तो चुकलाय. मीच केला होता."

"चूक कधी सापडली?"

"आज."

"म्हणजे त्यांना सोडल्यानंतर. तुमचं त्यांचं काही नातं आहे का?"

"मेहुणी आहे मी त्यांची."

"अच्छा," तो म्हणाला.

"तुम्ही व्हिडिओ बघा ना. मी आत्ता पाठवते. स्वतः मोजा."

"पाठवा की, बघतो. पण खरं सांगू का बाई, आमच्याकडेही खेळाडूंची रांग आहे. आम्ही आपला पहिलाच तक्ता धरू. राग मानू नका."

"काय म्हणाले ग?" भाऊजींनी विचारलं.

"व्हिडिओ बघतो म्हणाले."

"बघ! व्हिडिओ बघितला की झालंच." भाऊजी बुटाच्या नाड्या बांधायला लागले. "जरा पळून येतो. चार दिवस नुसता बसून आहे, दम टिकायला हवा." दार ओढून ते जिना दणादणा उतरत गेले.

पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर ताईने विचारलं, "नाही म्हणाले ना?"

मी मान डोलावली.

"मग ते आले की तू सांगायचं," ताई म्हणाली. "मी नाही सांगणार."