चार मायक्रॉन कुंकू

मला देवाधर्माचं वेड आहे असं आमच्या कारखान्यात म्हणतात. म्हणू देत. एकवीस वर्षं मी धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतेय आणि दर खंडेनवमीला तपासणीच्या खोलीतली पूजा मीच मांडते. आमचं मूळ जतचं. हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात सासऱ्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि तराजूला हळदकुंकू वाहिल्याशिवाय त्या घरात कुणी पानावर बसलं नाही. दुकान गेलं, सवय राहिली, ती मी इथं आणली.

आमचा कारखाना इंजिनाचे व्हॉल्व्ह करतो. आधी ट्रॅक्टरचे करायचा. पाच वर्षांपूर्वी युरोपातल्या एका इंजिन कंपनीनं आम्हाला हुडकून काढलं. जगातल्या सगळ्यात वेगवान शर्यतीत धावणाऱ्या एका संघाला ही कंपनी इंजिनं देते. गाडी संघाची, इंजिन कंपनीचं आणि आतले व्हॉल्व्ह धारवाडचे, असा तो तिघांचा संसार. माणसाचा केस सत्तर मायक्रॉन जाड असतो. आमच्या व्हॉल्व्हच्या दांडीत दोन मायक्रॉनपेक्षा जास्त फरक चालत नाही.

पहिली दोन वर्षं ते आमचा प्रत्येक नग तिकडं पुन्हा मोजायचे. एकही नग परत आला नाही. मग त्यांचं पत्र आलं की आता आम्ही मोजणं बंद करतोय, तुमच्या तपासनिसाची सही हीच आमची तपासणी. ते पत्र चौकटीत बसवून कॅन्टीनच्या भिंतीवर लावलंय. ती सही गौतमीची होती.

गौतमी केलगेरीची. वडील नाहीत, आई लक्कव्वा विद्यापीठाच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. पोरीनं डिप्लोमा पहिल्या वर्गात काढला आणि विसाव्या वर्षी माझ्या हाताखाली आली. तिला मी पहिला धडा मास्टरचा दिला. मास्टर म्हणजे पोलादाची एक पिन, बरोबर सहा मिलिमीटर जाड. सकाळी यंत्राला ती पिन दाखवायची, काटा शून्यावर आणायचा, आणि त्या शून्याशी ताडून दिवसभर माल घासून मापात आणायचा आणि मोजायचा. पिनेवर कसलाही थर असला तर शून्यच खोटं, आणि मग सगळा माल खोटा. म्हणून मास्टर तीनदा पुसायचा, दोनदा स्पिरिटनं आणि एकदा मऊ कातड्यानं. मी इतक्या वेळा सांगितलं की एक दिवस ती म्हणाली, "अक्का, घरात मामांना पण तीनदा पुसूनच जेवायला वाढताय काय?" मामा म्हणजे माझा नवरा. मी तिला मारायला धावले होते. मला मूलबाळ नाही, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल.

आता त्या दोन दसऱ्यांचं सांगते.

पहिल्या दसऱ्याला मी नेहमीसारखी खंडेनवमीची पूजा मांडली. यंत्रांना झेंडूच्या माळा, कोहळा फोडला, सगळ्या मापांना आणि मास्टरला हळदकुंकवाचं बोट लावलं. पूजेला लावलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, उत्तरपूजा करून मगच पुसायचं, ही आमची रीत. तासाभरानं बघते तर गौतमीनं मास्टर स्पिरिटनं लख्ख पुसून यंत्राला लावलेला. त्या संध्याकाळी माल विमानतळावर जायचा होता, शेवटचे चाळीस नग मोजायचे राहिले होते. तिचं बरोबर होतं. पण माझं डोकं फिरलं. पंधरा-वीस माणसं हातात प्रसाद घेऊन उभी होती, त्यांच्यासमोर मी तिला बोलले. जे बोलले ते मी चार दिवसांत विसरून गेले.

तिनं मास्टर तेवढा खाली ठेवला आणि मोजायचं काम मीच पुरं केलं. पुढच्या सोमवारी पुन्हा माझ्या डब्यातलं लोणचं तिनं न विचारता उचललं, तेव्हा मला वाटलं, मिटलं.

दुसरा दसरा तसा शांत गेला. नवमीला मी पूजा केली. दसऱ्याला कारखाना बंद, गौतमी पांढरी साडी नेसून धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला गेली, तिनं मला फोटोही पाठवला. तिसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला माझी हुबळी-धारवाडची चिगरी बस वाटेत नवलूरजवळ बंद पडली आणि मी पाऊण तास उशिरा पोचले. गौतमी हात बांधून यंत्रापुढं बसली होती. हळदकुंकू लावलेला मास्टर जिथल्या तिथं. "बसलीयस काय अशी?" मी म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही यायची वाट बघतोय की." मी घाईघाईनं फूल वाहिलं, हातरुमालानं मास्टर पुसला आणि तिच्या हातात दिला. "झालं. घे शून्य."

तिनं घेतलं. त्या दिवशी तिनं तीनशे वीस नग मोजले आणि सही केली.

जानेवारीत इंजिन कंपनीचं दुसरं पत्र आलं. त्यांना गौतमी सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडं हवी होती, तिकडच्या तपासणी विभागात. तिनं पासपोर्ट काढला. लक्कव्वा मला विचारायला आली की तिकडं थंडी किती असते. मी माझी लोकरीची शाल काढून दिली आणि गल्लीभर सांगत सुटले, जणू मीच निघाले होते.

मार्चमध्ये हंगामाची पहिली शर्यत होती. रविवारी सकाळी कॅन्टीनमध्ये मोठा पडदा लावला, माणसं बायकापोरांना घेऊन आली, उप्पीट झालं. आमच्या संघाच्या दोन गाड्या. पहिली बाराव्या फेरीत धूर सोडत गवतावर थांबली. असं होतं, कुणीतरी म्हणालं. दुसरी एकोणिसाव्या फेरीत थांबली. गौतमीच्या हातात उप्पिटाची बशी होती, ती तिनं खाली ठेवली ती परत उचललीच नाही.

पुढच्या दोन शर्यतींतही तेच. संघ आणि इंजिन कंपनी यांचं जाहीर भांडण सुरू झालं. संघवाले म्हणायचे इंजिन भरवशाचं नाही, कंपनीवाले म्हणायचे गाडीत इंजिनाला हवा पुरत नाही. शेवटी संघानं जाहीर केलं की पुढच्या हंगामात आपण दुसऱ्या कंपनीचं इंजिन घेणार. नऊ वर्षांचा घरोबा मोडला. मग कंपनीनं सगळी इंजिनं उघडली आणि आम्हाला मेल आला. व्हॉल्व्हची दांडी तापून, फुगून आपल्या नळीत अडकली होती. उरलेले नग त्यांनी मोजले, सगळे चार मायक्रॉन जाड. खाली त्या मालाची तारीख होती, दसऱ्यानंतरचा दिवस.

मी कुणालाही न सांगता तपासणीच्या खोलीत गेले. मास्टरची लाकडी पेटी कपाटातून काढली. आतल्या मखमलीच्या खाचेत, जिथं पिनेची खालची बाजू टेकते तिथं, लाल डाग होता. मी पेटी मिटली आणि तिथंच खाली बसले.

गौतमीला साहेबांनी बोलावलं. तिनं एवढंच सांगितलं की सही माझी आहे, चूक माझी आहे. माझं नाव काढलं नाही. आणि मी, खोटं कशाला बोलू, दोन दिवस गप्प बसले. एकवीस वर्षांची नोकरी, लोक काय म्हणतील, देवाचं काम म्हणून केलं ते असं कसं झालं, हेच सारखं डोक्यात. तिसऱ्या दिवशी पेटी घेऊन साहेबांपुढं उभी राहिले. आमचे क्वालिटीचे साहेब बाळाचार्य, त्या पूजेत नारळ फोडणारे तेच.

"कूड्री, अक्का," म्हणाले. बसा. मी सगळं सांगितलं, पेटी उघडून दाखवली. त्यांनी डाग बघितला आणि पेटी हळूच मिटली.

"अहवालात मी कुंकू लिहू काय अक्का? त्यांनी कारण विचारलंय, कुंकू लिहिलं तर ते परत या गावाचं तोंड बघतील काय? तपासनिसानं मास्टर पुसला नाही, तपासनिसाला कामावरून कमी केलं, असं लिहून काल पाठवलं मी. असं काहीतरी वाचलं की त्यांचं समाधान होतं."

"पण पुसायला मी घेतला होता. मला काढा."

"तुमची सही कुठं आहे त्याच्यावर?"

सही नव्हतीच. मी भांडले, टेबलावर हात आपटला, रडले. त्यांनी शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी केलगेरीला गेले. तळ्याच्या अंगाला तिचं दोन खोल्यांचं घर आहे. लक्कव्वानं दार उघडलं. मला वाटलं आत घेणार नाही, पण तिनं "बर्री, अक्का", या, म्हणून चटई टाकली आणि चहा ठेवायला आत गेली. कोपऱ्यात नवी बॅग होती, तिच्यावर माझी शाल घडी करून ठेवलेली.

मी गौतमीला म्हटलं, "माझ्यामुळं झालं गं. खालच्या बाजूला कुंकू राहिलं होतं. मी नीट पुसलं नाही, आणि तुला कळलंही नाही."

"कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?" मी म्हटलं.

"हातात घेतल्या घेतल्या दिसलं, अक्का. खाली लालसर होतं. बाटलीकडं हात पण गेलता माझा."

"मग पुसलं का नाहीस? तीनदा पुसायचं, शिकवलं नव्हतं मी?"

"तुम्ही आत्ताच पुसून दिलता. तुमच्यासमोर परत कसं पुसायचं?" ती पुढं म्हणाली, "आदल्या वर्षी तुम्ही म्हटलता, 'तुमच्यात नसेल देवधर्म, आमच्यात आहे. आमच्या कुंकवाला परत हात लावायचा नाही.'"

तिनं ते रागानं म्हटलं नाही. शब्द न् शब्द माझा होता. मी ते चार दिवसांत विसरले होते आणि या पोरीनं वर्षभर जवळ ठेवलं होतं, माझं लोणचं खाताना, मला फोटो पाठवताना, यंत्रापुढं हात बांधून माझी वाट बघताना. पंधरा-वीस माणसांपुढं मी तिला काय म्हटलं होतं, ते मला त्या चटईवर पहिल्यांदा ऐकू आलं.

लक्कव्वा चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं, पातळ भिंतीचं घर ते. माझ्यापुढं कप ठेवून ती लेकीशेजारी बसली.

"माफ कर गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"चहा घ्या, गार होतोय," गौतमी म्हणाली.

मी चहा प्याले. निघताना तिनं बॅगेवरची शाल उचलली, झटकली, पुन्हा नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, राहू दे, तुझ्यासाठीच दिली होती. ती म्हणाली, "नको अक्का. तुमची आहे. हात लावला म्हणून परत काही व्हायला नको."