डबीतली कवळी आणि मनातला संशय

आपली कवळी कोणीतरी मुद्दाम बिघडवतंय, अशी गयाबाईंची पक्की खात्री झाली होती.

कवळी बसवून जेमतेम आठ महिने झाले होते. आधी कशी घट्ट बसायची! पोह्यांवर मूठभर शेव टाकून त्या मजेत खायच्या. आता कवळीच्या हिरडीचा गुलाबी रंग उडून ती चुन्यासारखी पांढुरकी पडली होती. बोट फिरवलं तर खरखरीत लागायची. बोलताना वरची कवळी सुटायची आणि टाळू लाल होऊन चुरचुरायचा.

गयाबाईंचे पती महूला फौजेत होते. ते गेल्यावर त्या इंदूरला मुलाकडे, नागसेनकडे राहायला आल्या. सून दीक्षा शाळेत शिकवायची. घरात चौथं कोणी नव्हतं. मग हे काम कोणाचं? नागसेन तर पोटचा मुलगा!

त्यात मागची एक गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली होती. उन्हाळ्यात दीक्षा एकदा हळूच म्हणाली होती, "आई, राग मानू नका, पण तोंडाला थोडा वास येतोय. डॉक्टरला दाखवून येऊ या का?"

गयाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ही मला घाणेरडी म्हणते! महिनाभर त्या सुनेशी धड बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या न्हाणीघराची कडी लावून कवळी स्वतः साफ करू लागल्या. विहारातल्या एका मैत्रिणीने सांगितलेलं 'औषध' डबीत ओतून त्यात कवळी ठेवायच्या. घरात कोणाला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही.

आता मात्र त्यांनी पाळत ठेवायला सुरुवात केली. एका रात्री डबीच्या झाकणाला बारीक पांढरा दोरा बांधून त्या झोपल्या. सकाळी पाहतात तो दोरा तुटलेला! दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम लवकर उठल्या आणि पडद्याआडून बघत राहिल्या. दीक्षा आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, डबी उघडली, आतलं पाणी मोरीत ओतलं आणि पातेल्यातून वाफाळतं काहीतरी डबीत घातलं. झाकण लावून ती चोरासारखी निघून गेली.

काय घातलं हिने? कशासाठी?

दीक्षाला विचारायचं सोडून त्या दुपारी महूच्या नणंदेला फोन लावून म्हणाल्या, "सून माझ्या दातांत रोज काहीतरी कालवते. मी डोळ्यांनी बघितलं." मग जावेला फोन, मग भाचीला. चार दिवसांत साऱ्या नातेवाईकांत कुजबुज सुरू झाली. भाचीने नागसेनलाच विचारलं, "दादा, घरात सब ठीक आहे ना?"

नागसेनने दीक्षाला विचारलं. "तुम्हालाही तसं वाटतं?" एवढंच ती म्हणाली. नागसेनला पटकन 'नाही' म्हणता आलं नाही. त्या संध्याकाळी दीक्षाने बॅग भरायला घेतली.

तेव्हा नागसेन हबकला. "आई, बस झालं आता! उद्या आपण तिघं डॉक्टरकडे चलतो. जे आहे ते समोर येऊ दे."

"चल की," गयाबाई ठसक्यात म्हणाल्या. "मला कशाची भीती?"

कृष्णपुऱ्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टर पूर्वांनी कवळी उजेडात धरून नीट पाहिली.

"आजी, ही कशाने साफ करता?"

गयाबाई पुटपुटल्या, "आधी दंतमंजनाने घासते, जोर लावून. मग रात्रभर औषधात ठेवते."

"कोणतं औषध?"

"ते... कपडे पांढरे करायचं असतं ना, ते."

"ब्लीच? किती पाणी घालून?"

"पाणी कशाला? निव्वळच."

नागसेन उडालाच. "आई! सच्ची?"

आता दीक्षाला राहवलं नाही. "मला रोज सकाळी डबीला उग्र वास यायचा, डॉक्टर. आई तशीच तोंडात घालतील, टाळू भाजेल, म्हणून त्या उठायच्या आधी मी ते ओतून टाकायचे आणि उकळतं पाणी भरायचे, जंतू मरावेत म्हणून. सांगायची हिंमत झाली नाही. वासाचं बोलले तर महिनाभर अबोला धरला होता त्यांनी."

गयाबाईंच्या पायांखालची जमीन सरकली! जिच्यावर विष कालवल्याचा आळ घेतला, ती आपलंच विष रोज उपसून टाकत होती!

"थांबा," डॉक्टर पूर्वा म्हणाल्या. "चूक दोघींची आहे. कवळी ॲक्रिलिकची, म्हणजे एका प्लॅस्टिकची असते, आजी. ब्लीचने जंतू मरतात हे खरं, पण रोज रात्रभर निव्वळ ब्लीचमध्ये ठेवली तर रंग उडणारच. धातूची असती तर गंजली असती. मंजनाने घासल्यामुळे ओरखडे पडले, आणि जंतू त्यातच घर करतात. आणि दीक्षा, उकळत्या पाण्याने कवळी वाकते. म्हणून ती सैल झाली."

"मग ती कवळी साफ करायची बाजारातली गोळी आणू का?" नागसेनने विचारलं.

"आणा. पण नुसती गोळी टाकून भागत नाही. रोज मऊ ब्रशने, सौम्य साबणाने घासायची. मग कोमट पाण्यात गोळी, पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ. तोंडात घालण्याआधी भरपूर पाण्याने धुवायची. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची. आणि प्रत्येक कवळीला एकच औषध चालत नाही, म्हणून आधी विचारायचं."

"विचारायची लाज वाटते हो," गयाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "दात नाहीत हे कोणाला सांगायचं?"

"चष्मा पुसताना लाज वाटते का, आजी? मग कवळी धुताना का वाटावी? तुम्ही लपवलंत, म्हणून हिने लपवलं. एका प्रश्नाचं काम होतं!"

गयाबाईंनी दीक्षाचा हात धरला. तोंडात कवळी नव्हती, शब्द बोबडे निघत होते. तरी त्या सगळ्यांसमोर बोलल्या, "पोरी, मी तुझं नाव खराब केलं. माफ कर." दीक्षा रडली. लगेच हसू आलं नाही तिला, येणारही कसं? पण घरी आल्यावर तिने बॅग रिकामी केली.

त्याच दुपारी गयाबाईंनी नागसेनला एकेक नंबर लावायला सांगितला. नणंद, जाऊ, भाची. प्रत्येकीला त्या स्वतः म्हणाल्या, "चूक माझी होती. माझ्या सुनेची नव्हती. जिला जिला सांगितलंस, तिला हेही सांग."

वाचकहो, आपल्याही घरात कोणाची तरी कवळी अशीच कडीआड धुतली जात असेल. आज त्यांच्याजवळ बसा आणि मोकळेपणाने विचारा, कशाने धुता, दुखतं का. म्हातारपणाची गरज ही लाजेची गोष्ट नाही, आणि ऐकीव उपाय म्हणजे औषध नव्हे. कवळी बिघडली तर दुसरी करता येते. संशयाने तुटलेलं माणूस मात्र पुन्हा जोडणं फार कठीण असतं. म्हणून संशय घेण्याआधी एकदा विचारा!