पांढऱ्याखालचा लवू

लवूच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी कौसल्याबाई कोंडीराम पेंटरच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. पोरगा गोळीबारात गेल्यापासून त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या.

"पेंटरांनू, माझ्या झिलाचो एक पण फोटो नाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही काढलेला चित्र तेवढा आसा. माका तेचा तोंड बघूचा हा."

"आहे," कोंडीराम म्हणाला. "प्रदर्शनात लावतो, वहिनी. तेव्हा बघा."

कौसल्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि गेल्या. कोंडीराम ब्रश हातात धरून तसाच उभा राहिला. चित्र नव्हतं. ते त्यानं स्वतःच्या हातानं घासून वर पांढरा सफेदा मारला होता, आणि हे त्या माउलीच्या तोंडावर सांगायची हिंमत त्याला झाली नाही.

यात त्याची एकट्याची काही चूक नव्हती. गिरणगाव चित्रकार मंडळाची रीतच ती. मंडळ म्हणजे लालबाग-परळमधले दहा-बारा वेडे. दोघे-तिघे बोर्ड रंगवणारे, काही गिरणीच्या डिझाईन खात्यातले, आणि चिटणीस चिंतामणी मास्तर, जे शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि मंडळात सगळ्यांना शिस्त लावायचे. दर रविवारी सकाळी व्यायामशाळेच्या माळ्यावर जमायचं, चाळीतल्या कुणालातरी धरून आणून स्टुलावर बसवायचं आणि दोन तास त्याला मान हलवू द्यायची नाही. मग चहा आणि भजी. वर्षातून एकदा खालच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं. त्या दिवशी चाळीच्या चाळी नटूनथटून यायच्या, त्या काही चित्रकला बघायला नव्हे, आपला मामा भिंतीवर कसा दिसतो ते बघायला. प्रदर्शन उतरलं की ज्याचं चित्र त्यानं घरी न्यावं. नाही नेलं तर ते पॉलिश पेपरनं घासायचं, वर सफेदा मारायचा, आणि त्याच कापडावर पुढच्या वर्षीचा मामा काढायचा.

लवू आदल्या वर्षी बसला होता. एकोणीस वर्षांचा, गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार. दोन तासांत चाळीस वेळा हलला. त्याच्या डाव्या कानाची पाळी लहानपणी डूल ओढला जाऊन फाटली होती, आणि ती दिसू नये म्हणून तो सारखी मान फिरवायचा. कोंडीरामनं मुद्दाम तोच कान पुढे घेतला. प्रदर्शनानंतर कौसल्याबाईंना चित्र न्यायला सांगितलं तर त्या हसल्या होत्या. "खोलयेत जागा खय आसा? तुमच्याकडेच ऱ्हवांदे. जितो झिल घरात आसा तो पुरे."

मग जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत ही बातमी रेडिओवर ऐकली आणि गिरणगाव पेटलं. मंडळानं मोर्चासाठी एका दिवसात साठ बोर्ड करायचे ठरवले. कापड संपलं तेव्हा माळ्यावरची जुनी चित्रं खाली आली. लवू बांबू बांधायला तिथंच होता. आपलं चित्र हातात घेऊन म्हणाला, "काका, पुसा ह्ये थोबाड नि लिवा त्याच्यावर. मी हाय की. परत काढा."

कोंडीरामनं घासलं, सफेदा मारला, आणि सुकल्यावर लाल अक्षरांत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं लिहिलं. तो बोर्ड लवूनंच उचलला. तिसऱ्या दिवशी बोर्ड परत आला, लवू आला नाही.

आता प्रदर्शनाला तीन आठवडे राहिले होते. कोंडीरामनं आठवणीतून लवू काढायचा प्रयत्न केला. समोर नमुना ठेवला तर तो जशाच्या तसा उतरवील, पण आठवणीतून काढणं त्याला कधी जमलं नव्हतं. चार वेळा काढला, आणि चारही वेळा कॅलेंडरातल्या कृष्णासारखा कुणी गोंडस पोरगा समोर आला. ते कागद त्यानं फाडले. मग एका सकाळी त्यानं लवूनं उचललेला तो बोर्ड भिंतीवरून काढून मेजावर आडवा टाकला.

चिंतामणी मास्तर नेमके त्याच वेळी आले. हा बोर्ड प्रदर्शनाच्या मधोमध लावायचा, हार घालायचा, असं त्यांच्या मनात पक्कं होतं.

"कोंडीराम, हे काय करताय?"

"ह्याच्या खाली लवू आहे, मास्तर. मी त्याच्या आईला शब्द दिलाय."

"त्या बोर्डाला त्याचा हात लागलेला आहे. लोक त्याला नमस्कार करतील. हा गेला तर दुसरा मिळायचा नाही."

"तोंड पण दुसरं मिळायचं नाही."

मास्तर खुर्ची ओढून बसले आणि बघत राहिले.

कोंडीरामचा हिशेब सरळ होता. खालचा रंग वर्षाचा, दगडासारखा वाळलेला. वरचा महिन्याभराचा. टर्पेंटाइननं आधी वरचा सुटेल. लाल अक्षरं चिंधीवर उतरली. मग सफेदा मऊ होऊन खाली येऊ लागला, आणि कोपऱ्यात निळसर शर्टाचा तुकडा दिसला. कोंडीरामनं चिंधी पालटली. तो मनातल्या मनात म्हणत होता, त्या दिवशी मी हलगर्जीपणा केलेला असू दे. घाईत कसंबसं घासलेलं असू दे.

पण कोंडीराम पेंटरइतकं स्वच्छ कापड मंडळात कुणी घासत नसे. तळहात फिरवून बघायचा, कुठं उंचवटा लागला तर पुन्हा घासायचा. त्याला त्याचा अभिमान होता. लवूच्या कपाळावर, नाकावर, गालांवर रंगाचा जाड थर होता, म्हणून तिथं त्यानं जास्तच जोर लावला होता. तिथं आता कोरं कापड निघालं. सावलीच्या जागी रंग पातळ होता, तेवढा विणीत अडकून राहिला. डोळ्यांच्या खोबणी. हनुवटीखालचा काळोख. आणि डावा कान, पाळीसकट.

दुपारपर्यंत बोर्डही गेला होता आणि लवूही आला नव्हता. कोंडीराम मेजाला धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मास्तरांनी त्याच्या हातातली चिंधी काढून घेतली.

"तसंच लावा," एवढंच ते म्हणाले.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, दारं उघडायच्या आधीच कौसल्याबाई आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. कोंडीराम त्यांना चित्रापाशी घेऊन गेला आणि खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं. घासलं ते, सफेदा मारला तो, खोटं बोललो तेसुद्धा. कौसल्याबाई ऐकत होत्या की नाही कुणास ठाऊक. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी कानावर बोट ठेवलं.

"ह्यो कान तेचोच."

"हो, वहिनी."

"बाकीचो खय आसा?"

"एवढंच राहिलं. बाकीचं मी घालवलं."

त्यांनी कोऱ्या कापडावरून हात फिरवला, गाल असतील तिथून कपाळापर्यंत. मग चित्राच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघितलं.

"जरा आणखी घासा, पेंटरांनू," त्या म्हणाल्या. "आत आसतलो तो."

"आत काही नाही, वहिनी. नुसतं कापड आहे."

"कान आसा ना? मगे तोंड पण आसतला. जरा घासा."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि त्या स्वतःच घासू लागल्या, कानाच्या अगदी लगत. कोंडीरामनं त्यांचा हात धरला. बाहेर लोक जमले होते, दार वाजवत होते. मास्तरांनी दार उघडलं नाही.

"थांबा, मी घासतो," कोंडीराम म्हणाला.

त्यानं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली, डावा तळहात कानावर झाकून धरला, आणि त्या समोर उभ्या होत्या तोवर तो कोरं कापड घासत राहिला.