आठ किलो पऱ्हाटी

भिंतीशी उभा असलेला पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा सुलक्षणा ओढत अंगणात घेऊन आली, तसे हिलालआबा चहाची बशी खाली ठेवून उठले.

“आबा, हाऊ भारा आते कीड खाई जाई. उद्या पाव्हना येतीन, भरीतना वांगा भाजाले बठ्ठा जाळी टाकूत.”

भारा आबांच्या बायकोच्या, भिकुबाईंच्या हातचा होता. कपाशी उपटली की शेवटचा भारा त्या जुन्या लुगड्याच्या काठाने बांधून घरी आणायच्या. श्रावणात त्या गेल्या. मागे नवरा राहिला, सून सुलक्षणा राहिली आणि हा भारा.

“थांब वं, बेटा,” म्हणत आबांनी ताणकाटा आणला.

पारोळ्याजवळच्या, शेतातला काडीकचरा दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्या ‘पांढऱ्या कोळशा’च्या कारखान्यात आबांनी सव्वीस वर्षं जळण जोखलं होतं. एक ग्रॅम पऱ्हाटीची पूड पोलादी भांड्यात बंद करायची, भांडं पाण्यात बुडवून ठिणगी द्यायची आणि पाणी किती तापलं ते पाहायचं. तिथे कणभर ऊब वाया जात नसे.

भारा आठ किलो भरला. किलोला पावणेचार हजार किलोकॅलरी. आठ पावणेचार तीस, म्हणजे तीस हजार. चुलीवर त्यातला दहावा हिस्साच, म्हणजे तीन हजार, पाण्याला लागतो. बादलीभर पाण्याला पाचशे.

“सहा दिनन्या आंघोळी होतीन,” आबा म्हणाले. “भरीतले दुसऱ्या काड्या आन.”

“आन् बाकीना नऊ भाग कोठे जातस, आबा?”

आबांनी भारा काट्यावरून उतरवला. त्यांच्या पहाटेच्या पाळीसाठी बायको चार वाजता पाणी तापवायची, आणि हे शहाणे रोज तिला चिडवायचे, ‘तुनी चूल नऊ भाग वाया घालस!’ ती नुसती हसायची. धुरापलीकडे तळवे पसरून बसलेली, काकणं खाली सरकलेली. शेवटच्या हिवाळ्यात तर तिची थंडी हटत नव्हती. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“तुनी सासू शेकत बसे,” ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आबा स्वतः चूल पेटवू लागले. रोज मोजून सहावा हिस्सा.

सहाव्या दिवशी शेवटची काडी जळाली. पाणी केव्हाच उकळलं होतं. सुलक्षणाने दोनदा हाक मारली. आबा चुलीच्या पलीकडच्या बाजूला, भिकुबाईंच्या पाटावर तळवे पसरून बसले होते. लुगड्याचा काठ त्यांनी मनगटाला गुंडाळला होता.