माझ्या ओळी सरळच होत्या

"वायफाय नसलेला घेऊ नका ताई, दर वेळी वायर लावत बसावं लागेल," असं दुकानदाराने माझ्या तोंडावर सांगितलं होतं. ताईंनी ते कानाआड केलं. त्यांच्या वडिलांना वाचायला हवं होतं, आणि त्यांच्या घरात इंटरनेट नव्हतंच. मित्रांनो, तेव्हा ताईंनी उचलून घेतलेला तो जुना ई-बुक रीडर म्हणजे मी.

माझा जन्म धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझा करडा पडदा बसवला आणि ओळी सरळ उमटतात ना, हे डोळ्यांत तेल घालून तपासलं. शेजारच्या टेबलावर वायफायवाले भाऊबंद तयार होत होते. त्यांच्या पोटात पुस्तकं आपोआप येऊन पडतात. मला मात्र लहान मुलासारखं कुणीतरी भरवावं लागतं.

ताईंचे बाबा घड्याळजी होते. दुकान बंद केलं तरी नजरेचा तोरा तसाच होता. त्यांनी मला आधी उलटा करून स्क्रू बघितले आणि मगच पुस्तक उघडलं. पण नंतर आमची अशी गट्टी जमली, की जेवतानाही मी पाण्याच्या जगला टेकून त्यांच्यासमोर उभा असायचो. शेजारी आले की बाबा मला पुढे करायचे आणि आख्खी लायब्ररी आहे म्हणून सांगायचे. माझी छाती फुगायची.

पुस्तकं संपली की ताई लॅपटॉप आणि तान्ह्या लेकीला घेऊन दोन बस बदलून यायच्या. एकदा दमून म्हणाल्या, इथे इंटरनेट घेऊ आणि वायफायवालं यंत्र आणू, म्हणजे पुस्तकं घरूनच पाठवता येतील. मला धस्स झालं. बाबा नुसतं "बघू" म्हणाले.

पुढे बाबा मला कधी दूर धरायला लागले, कधी नाकाशी. अक्षरं मोठी करता करता पानावर चारच शब्द मावू लागले. ताई फोनवर विचारायच्या, तेव्हा मात्र बाबा वाचन जोरात चाललंय म्हणून ठोकून द्यायचे.

ताई पुन्हा आल्या. वायर जोडण्याआधी त्यांनी मला उघडलं आणि थबकल्या. मागच्या खेपेचंच पुस्तक, तेच पान. पुस्तकात दम नाही, असं म्हणून बाबांनी लेखकावर ढकललं. ताईंनी पिच्छा सोडला नाही.

"तू हौसेने आणलंस, म्हणून बोललो नाही," बाबा शेवटी म्हणाले. "यंत्र बिघडलंय गं. ओळी मधेच वाकतात. आत काहीतरी ढिलं झालंय."

जन्मभर घड्याळांतले दोष काढलेला माणूस. त्याला दुसरं काय सुचणार? आणि मी मुका, सांगणार कसा?

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. ओळी पट्टीने आखल्यासारख्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाबांचा एक डोळा हळूच तळहाताने झाकला.

"बाबा, ती दाराची चौकट कशी दिसते?"

बाबांनी मान तिरकी करून चौकट निरखली.

"चौकटही बिघडली का गं?"

त्याच दिवशी ताईंनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साचत होतं. आणखी उशीर झाला असता, तर अक्षरं कायमची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली आणि ओळी हळूहळू ताळ्यावर आल्या. मग बाबांनी चष्म्याच्या फडक्याने माझा पडदा पुसला आणि पुटपुटले, "तुझ्यावर उगाच आळ घेतला रे." एवढा मान आमच्या वायफायवाल्या भाऊबंदांपैकी कुणाला मिळाला असेल, असं मला वाटत नाही.

मित्रांनो, वायफायला मी नावं ठेवत नाही. भरवायला कुणी येणारच नसेल, तर वायफायवालाच घ्या. पण पुस्तक पोहोचलं म्हणून ते वाचलं जातंय, असं धरून चालू नका. तुमचे आजी-आजोबा वाचत असतील, तर आज त्यांच्या शेजारी जाऊन बसा. अक्षरं केवढी केली आहेत ते बघा, आणि ओळी सरळ दिसतात का, एवढं विचारा.