ओलं गवत

मालिंदा रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकून बसली, तेव्हा तिच्या पांढऱ्या टोपीची एक नाडी सुटलेली होती. ती बांधायला तिने हात वर केला नाही.

पोरंबाळं बाहेर पाठवली होती. बिशप मालन यांनी विचारलं, "ओलं गवत कोठारात भरायची घाई तू केलीस. ते आतल्या आत तापून पेटलं आणि कोठारातले घोडे सोडवायला तुझा भाऊ पेरी आत गेला तो गेलाच. दोष कबूल आहे?"

"आहे."

पुरुषांच्या बाकावर तिचा नवरा एनोस बुटांकडे बघत होता. त्या दिवशी गवताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून तीच म्हणाली होती, "ओल आहे अजून, वाळू द्या." पण एनोसनेच पावसाचं निमित्त काढून ते भरलं. वडीलमंडळींनी विचारलं तेव्हा मात्र म्हणाला, "मालिंदाच मागे लागली होती." चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणं तिच्याने झालं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. आजचं प्रवचनही नेमकं आदामावर होतं. फळ खाल्लंस का, असं देवाने विचारल्यावर त्याने बायकोकडे बोट दाखवलं. ते ऐकताना एनोसने सगळ्यांबरोबर मान डोलावली होती.

मालननी तिला हात देऊन उठवलं. "माफी झाली. आता हा विषय कुणीही, कधीही काढायचा नाही."

आमच्या पंथात माफ झालेला दोष पुन्हा उकरणाराच दोषी ठरतो.

प्रार्थनेनंतर मंडळी बाहेर जेवायला बसली, तेव्हा एनोस ताट तसंच ठेवून उठला. त्याच्या सासूबाई लोवायना, मालिंदा आणि पेरीची आई, आत स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. तो त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"आई, ते गवत... मालिंदा नव्हती हो. मीच..."

"श्श!" त्यांनी ओला हात त्याच्या दंडावर ठेवला. "बायकोचं पाप अंगावर घ्यायला निघालास होय? किती रे भला तू! पण मिटलंय ते आता."

"नाही आई, खरंच..."

"पुरे. माफ केलंय मी तिला. करावंच लागतं. फक्त तिला सांग, इतक्यात माझ्यासमोर येऊ नको म्हणावं. मला तिच्याकडे बघवत नाही."

एनोसने आणखी एकदा, मोठ्याने सांगायला हवं होतं. बाहेर सगळी मंडळी जेवत होती, सगळ्यांना ऐकू गेलं असतं. पण "भला" म्हटलेलं त्याला बरं वाटलं होतं, आणि ते त्याचं त्यालाही कळलं. तो दाराकडे वळला.

दारात उष्ट्या ताटल्यांची चळत घेऊन मालिंदा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पुढे होऊन तिने ती चळत एनोसच्या हातात दिली.

"आईला द्या," ती हळूच म्हणाली आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरली.