ढगीच्या टाचेची परीक्षा

आमच्या तबेल्यापुढच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर माणसं, पाण्याच्या टाकीवर माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा ढगीवर. ढगी म्हणजे आमची राखाडी घोडी. सात वर्षं आमची बग्गी ओढली तिने, आणि गेले चार महिने पुढच्या उजव्या पायाने लंगडत होती. तिच्या पायाशी टापबाबा बसले होते. जनावरांचे पाय बरे करतात म्हणून त्यांना हे नाव पडलेलं.

"ही लंगडत नाही!" बाबा गरजले. "ही मागच्या जन्मीच्या मालकाला नमस्कार करतेय! आज मी तिला त्या नमस्कारातून सोडवतो!"

लोकांनी माना डोलावल्या. हसलं कोणीच नाही. मी हसले असते, पण मी अंगणात नव्हते. तबेल्याला लागून वैरणीची खोली आहे, तिथे होते, आणि दाराला बाहेरून कडी होती.

कडी सासूबाईंनी लावली होती. का, ते सांगते.

बाबांची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्यांनी ढगीच्या पायाला ओलं फडकं गुंडाळलं, दहा मिनिटं पुटपुटले, आणि ढगी खरंच सरळ चालली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी पुन्हा तेच, पाय टेकवेना. दुसऱ्या दिवशी मी बाबांना विचारलं, "गुण आला होता, तर गेला कुठे?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. "या घरात कोणीतरी शंका घेतं. शंकेखोर नजर पडली की गुण उतरतो."

झालं. प्रश्न मीच विचारला होता, तेव्हा शंकेखोर मीच ठरले. 'मी शंका घेत नाही' म्हणावं तर ते खोटं, आणि 'घेते' म्हणावं तर गुन्हा कबूल. दूध नासलं तरी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलीची वेणीसुद्धा सासूबाई घालू लागल्या.

बाबांच्या पहिल्या खेपेआधी जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी ढगीचा खूर मांडीवर घेऊन सांगितलं होतं, "पुढचं टोक फार वाढलंय आणि नालामुळे टाचा आवळल्यात. नाल काढा. दर तीन-चार आठवड्यांनी थोडं थोडं कानशीने घासायचं, अनवाणी चालवायची, आधी मऊ जमिनीवर. नवा खूर नीट उतरायला आठ-दहा महिने लागतील."

"दहा महिने?" हे म्हणाले. "तोवर बग्गी काय मी ओढू?"

मामंजींना वेगळाच राग आला. ते जुने नालबंद, ढगीचे नालही त्यांनीच ठोकलेले. "चाळीस वर्षं मी नाल ठोकले, आणि आता ही पोर माझ्या कामात खोट काढणार?" डॉक्टरीणबाईंना मग कोणी बोलावलंच नाही.

दुसऱ्या खेपेला माझी नजर पडू नये म्हणून मला पहिल्यांदा कोंडलं. पोत्यांची धूळ, श्वास घेववेना. पण फळ्यांमध्ये बोटभर फट होती. बाबा लोकांना नेहमी समोर बसवायचे. "मागे कोणी थांबू नका, मागून शक्ती येते," म्हणायचे. त्यांच्या मागे होती फक्त या वैरणीच्या खोलीची भिंत. त्या फटीतून मला फडक्याच्या घडीत एक छोटी सुई दिसली, आणि ती दाबणारा अंगठाही.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता तुला भासही व्हायला लागले?"

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पाय बधिर करायचं औषध असणार. दुखणं तिथेच राहतं, फक्त तिला तास-दोन तास कळत नाही. तशा पायावर पळवली तर आतलं आणखी फाटेल, ती कोसळेलही. टाचेच्या मऊ भागाला टोचून बघा. बधिर असेल तर हलणार नाही."

आणि आज, तिसऱ्या खेपेला, फडकं सोडून बाबा उठले आणि म्हणाले, "बग्गी जोडा! घरातलं लेकरू पुढे बसवा! श्रद्धा दाखवा!"

यांनी आमच्या सहा वर्षांच्या मुलीला उचलून बग्गीवर बसवलं.

मी दारावर धडका मारल्या. "उतरवा तिला! घोडी पडेल!"

"बघा, शंकेला कोंडलं की ती ओरडते!" बाबा म्हणाले आणि सगळं अंगण हसलं. मी जितकी ओरडेन तितके बाबा खरे ठरणार होते. मी गप्प झाले. फटीजवळच मामंजी उभे होते, हातात खूर साफ करायचा आकडा.

"मामंजी," मी हळूच म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. बाबांवरही नको. नुसतं टाचेला टोचून बघा. आधी डाव्या, मग उजव्या. तुम्हाला घोडी कळते."

त्यांनी एकदा ढगीच्या पायाकडे पाहिलं. मग ढगीजवळ जाऊन वाकले.

"अहो, गुण उतरेल!" बाबा धावले.

"चाळीस वर्षं खूर धरलेत मी," मामंजी म्हणाले. त्यांनी आकड्याचं टोक डाव्या टाचेला लावलं. ढगीने झटक्यात पाय ओढला. उजव्या टाचेला लावलं. ढगी कान हलवत उभी. जोरात दाबलं. तरी काही नाही.

"पोरीला खाली घे," मामंजी यांना म्हणाले. "पाय बरा नाही झालेला. पाय झोपवलाय."

यांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी मुलीला खाली घेतलं, मग बाबांच्या हातातलं फडकं ओढलं. सुई फरशीवर पडली. औषधाची बाटली बाबांच्या बाहीत निघाली. मग एकच गलका. काहीजण बाबांवर धावले. काहीजण मात्र तेव्हाही म्हणत होते, "सुई कोणीतरी मुद्दाम टाकली असेल." डॉक्टरीणबाईंनी पुढे रीतसर तक्रार केली, ती चौकशी अजून चालू आहे.

त्या गडबडीत मला कोंडलंय हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. बऱ्याच वेळाने कडी वाजली. सासूबाई दारात उभ्या होत्या. माफी वगैरे मागितली नाही त्यांनी. म्हणाल्या, "ये. पाय धरायला माणूस हवंय त्यांना."

मामंजी ढगीचा नाल काढत होते. खिळे उपटताना पुटपुटले, "टाचा मीच आवळल्या गं हिच्या."

दोन आठवडे हे माझ्याशी बोलले नाहीत. लाज होती की राग, त्यांनाही सांगता आलं नसतं. आता नऊ महिने झाले. मामंजी डॉक्टरीणबाईंकडून शिकून दर चौथ्या रविवारी खूर कानसतात. मधे दोनदा ढगी पुन्हा लंगडली, आम्ही घाबरलो, थांबलो, पुन्हा हळूहळू सुरू केलं. आज ती अनवाणी पायांनी डांबरी रस्त्यावर नीट चालते. खडीवर अजून जपून टाकते पाऊल.

माझं म्हणणं साधं आहे. इलाज करणारा कोणीही असो, त्याला विचारा: काय देताय, ते कसं काम करतं, परवा काय होईल? खरा वैद्य अशा प्रश्नांना कंटाळेल, कदाचित चिडेलही, पण उत्तर देईल. आणि घरात कोणी असा प्रश्न विचारला, तर कृपा करून त्या माणसाला कोंडू नका. त्याच्यासोबत जाऊन बघून या.